फळ्यावरचं घुबड

मागच्या आठवड्यात आमचा पुतण्या गावाकडून आला होता. वसमत तालुक्यात आमची थोडी शेती आहे, ती तोच बघतो. हळद, सोयाबीन, थोडा हरभरा. चहा घेतला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि उठता उठता म्हणाला, "काका, बाजारातून उंदराच्या वड्या घेऊन जातो. सोयाबीनची पोती फोडून ठेवलीत सगळी."

मी म्हटलं, "बस जरा."

तो बसला. मग मी त्याला जे सांगितलं तेच आज इथे लिहितोय. खरं तर हे वीस वर्षांपूर्वीच कुणाला तरी सांगायला हवं होतं.

गोष्ट २००४ सालची. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. कयाधू नदीच्या अंगाला एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. (आमचा हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे माझी अर्धीअधिक नोकरी परभणी जिल्ह्यात झाली आणि उरलेली हिंगोलीत, गावं मात्र तीच!) शाळेची एक खोली निजामाच्या काळातली, दगडी. वर पत्रे आणि पत्र्याखाली लाकडी फळ्यांचं छत. त्या दोहोंमधल्या पोकळीत गव्हाणी घुबडाची जोडी राहायची. पांढरं पोट, बदामाच्या आकाराचा चेहरा, काळेभोर डोळे. उडताना पंखांचा आवाज म्हणून नाही.

गावाला ते पसंत नव्हतं. घुबड ज्या छपरावर बसतं ते घर बसतं, असं आपल्याकडे म्हणतातच. दोन-तीनदा लोक काठ्या घेऊन आले. मी हात जोडले, म्हटलं ही शाळा आहे, घर नव्हे, बसू द्या त्याला. हळूहळू लोकांना सवय झाली.

मी काही विज्ञानाचा माणूस नव्हे. नोकरी करता करता मराठी घेऊन बी.ए. झालो. पण प्राथमिकच्या गुरुजीला सगळंच शिकवावं लागतं. चौथीच्या वर्गाला अन्नसाखळी शिकवताना मी पुस्तकातलं चित्र सोडून आमच्याच शाळेचं चित्र काढायचो. ज्वारीचं कणीस, त्यापुढे बाण, उंदीर, परत बाण आणि शेवटी घुबड. बदामी तोंड काढलं की पोरं ओरडायची, "आपलं हाय, आपलं हाय!"

घुबड उंदीर आख्खा गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांचा काळसर गोळा होऊन तोंडावाटे बाहेर पडतो. असे गोळे आमच्या व्हरांड्यात पडलेले असायचे. एकदा आठवडाभराचे गोळे जमवले, पाण्यात भिजवले आणि पोरांना काडीने सोडवायला लावले. आत इवल्याशा कवट्या, पिवळे दात, बरगड्या. पोरांनी मोजल्या, एकोणीस कवट्या भरल्या! दोन चिचुंद्रीच्या, बाकी सगळ्या उंदरांच्या. त्या दिवशी गणिताचाही तास झाला. एका आठवड्यात एवढे तर वर्षात किती, आणि ते उंदीर जगले असते तर त्यांनी किती ज्वारी खाल्ली असती. माझ्या सबंध नोकरीत इतका रंगलेला तास क्वचितच झाला असेल.

आता तांदळाकडे येतो. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारची पोषण आहाराची योजना सुरू झाली. आधी महिन्याला तीन किलो तांदूळ पोरांना घरी न्यायला मिळायचा. पुढे २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि मग शाळेत खिचडी शिजू लागली. योजना चांगलीच, तिच्यामुळे कितीतरी लेकरं शाळेत टिकली. पण तांदळाची पोती शाळेच्या खोलीत आली आणि त्यांच्यामागे उंदीर आले. घुबडाची जोडी होती, पण बंद खोलीतल्या उंदराला घुबड काय करणार? पोती खालून कुरतडलेली, तांदळात लेंड्या. हिशेब आमच्याकडे. तेव्हा विष आणायचं ठरलं, आणि आणायला मीच गेलो. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

दुकानदार म्हणाला, "गुरुजी, काळी पूड नका नेऊ. एक उंदीर मेला की बाकीचे हुशार होतात. ही वडी घ्या. खाल्ल्यावर चार-पाच दिवस काही होत नाही. मग बाहेर जाऊन मरतो. खोलीत वासबी नाही!"

बाहेर जाऊन मरतो, हे ऐकून मला बरंच वाटलं होतं. निळ्या रंगाच्या वड्या होत्या. संध्याकाळी पोरं गेल्यावर मीच माझ्या हाताने पोत्यांच्या मागे ठेवल्या. उरलेला पुडा त्याच खोलीत फडताळात ठेवला. ज्या खोलीत लेकरांचा तांदूळ, त्याच खोलीत.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून उंदीर दिवसाउजेडी दिसू लागले. मैदानात गुंगी आल्यासारखे चालायचे, पायाजवळून गेलं तरी पळायचे नाहीत. पोरांना गंमत वाटली. मलाही वाटलं, चला, औषध लागू पडलं. अशा उंदराला पकडायला घुबडाला कष्ट काय? आयतं ताट वाढलेलं.

दहा-बारा दिवसांनी सकाळी शाळेत आलो तर लिंबाखाली पोरांचं कोंडाळं. मध्ये घुबड पडलेलं. पंख अर्धवट उघडे. जखम कुठे नाही, दगडाचा मार नाही. चोचीच्या कडेला मात्र वाळलेलं रक्त होतं. त्या दिवसांत वर पिल्लं होती. पिल्लांचा एक फुसफुस आवाज येतो, साप असावा तसा, तो आम्ही वर्गात बसून रोज ऐकायचो. पुढच्या तीन-चार दिवसांत तोही बंद झाला. जोडीतलं दुसरं घुबड त्यानंतर दिसलं नाही.

चौथीतली एक मुलगी होती. कवट्या मोजताना तीच सगळ्यांत पुढे होती. तिने मला विचारलं, "गुरजी, ह्ये फळ्यावरचंच हाय का?"

मी म्हणालो, "म्हातारं झालं असंल, बाई."

मला तेव्हा पक्कं कळलं होतं असं नाही. पण शंका आली होती. आणि शंका आलेली असताना मी ते उत्तर दिलं. लिंबाच्या मुळाशी खड्डा करून घुबड पुरलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अन्नसाखळी मी पुस्तकातलंच चित्र काढून शिकवली.

मंडळी, या गोष्टीचा दुसरा भाग माझ्या स्वतःच्या अंगावर घडला.

२०१९ मध्ये माझ्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली, वॉरफरिन. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं आणि त्यावर डोस ठरवायचा. एकदा माझ्याच विसरभोळेपणामुळे काही दिवस गोळी दोनदा घेतली गेली. एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेचना. उशीवरही डाग. मुलाने लगेच दवाखान्यात नेलं. तिथे के जीवनसत्त्व दिलं, दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर हसत हसत म्हणाले, "सर, हे मुळात उंदीर मारायचं औषध आहे बरं का, जपून घ्या."

मी त्या खाटेवर पडल्या पडल्या चोचीच्या कडेचं रक्त आठवत होतो.

घरी आल्यावर नातवाच्या मदतीने शोधून शोधून वाचलं. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरू लागली. कारण निघालं बुरशी आलेला चारा. त्यातलं द्रव्य विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने वेगळं काढलं, आणि त्यावरून वॉरफरिन तयार होऊन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं. १९५४ पासून तेच माणसांना औषध म्हणून देऊ लागले. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही हृदयविकारानंतर दिलं होतं. रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं, त्याचं काम हे द्रव्य अडवतं. मग आतल्या आत, कुठल्याही लहानशा फुटीतून, रक्त वाहत राहतं.

पुढे उंदरांना वॉरफरिन पचू लागलं, म्हणून १९७० च्या दशकात त्याच घराण्यातली जास्त जहाल विषं आली. माझ्या त्या निळ्या वडीत होतं ते ब्रोमॅडिओलोन त्यातलंच. वडीत त्याचं प्रमाण ०.००५ टक्के, म्हणजे किलोमागे फक्त पन्नास मिलिग्रॅम. पण एकदा शरीरात गेलं की यकृतात महिनोन्‌महिने बसून राहतं. वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो चार-पाच दिवस हिंडतो, आणखी वडी खातो, सुस्त होतो आणि उघड्यावर येतो. घुबड एका रात्रीत असे दोन-तीन उंदीर खाणार, पिल्लांनाही तेच भरवणार. प्रत्येक उंदरातलं थोडं थोडं घुबडाच्या यकृतात साठत जाणार. घारीचं, शिक्र्याचंही तेच. इंग्लंडमध्ये मेलेल्या गव्हाणी घुबडांची यकृतं वर्षानुवर्षं तपासतात. दहातल्या आठांहून जास्त घुबडांत या घराण्यातली विषं सापडतात. सगळी त्यानेच मरतात असं नाही, पण बहुतेक सगळी ते अंगात घेऊन हिंडतात.

आमच्या घुबडाची कुणी तपासणी केली नाही. मला आता तिची गरज वाटत नाही.

दवाखान्यातल्या खाटेवर आणखी एक गोष्ट आठवली होती, आणि ती आठवून अंगावर काटा आला होता. १६ जुलै २०१३. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन नावाच्या गावी शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ लेकरं गेली. स्वयंपाकाचं तेल कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेलं होतं. ती बातमी टीव्हीवर बघताना मी उठून बाहेर गेलो होतो. फडताळातला निळा पुडा डोळ्यांसमोर आला होता. माझ्या हातून फक्त घुबड मेलं, यात माझी काही हुशारी नव्हती.

त्या तेलात जे विष निघालं त्याचं नाव मोनोक्रोटोफॉस. आपल्याकडे कापसावर मारायचे ते 'मोनो'. त्याचा इतिहास वाचायला घेतला आणि परत पक्ष्यांशीच येऊन थांबलो.

१९७५-७६ च्या हिवाळ्यात इस्रायलमध्ये हुला खोऱ्यात लसूणघासाच्या शेतांत उंदरांसारख्या प्राण्यांवर हे मारलं. ते खाऊन घारी, गरुड, घुबडं असे शेकडो शिकारी पक्षी मेले. त्यानंतर वीस वर्षांनी अर्जेंटिना. उत्तर अमेरिकेतून स्वेन्सन्स हॉक नावाचे, आपल्या बाजासारखे पक्षी हिवाळ्यात तिथे उतरतात आणि शेतातले टोळ खातात. शेतकऱ्यांनी टोळांवर मोनो फवारलं. १९९५-९६ च्या एका हंगामात पाच हजारांवर मेलेले पक्षी प्रत्यक्ष मोजले गेले, आणि एकूण वीस हजार मेले असावेत असा अंदाज निघाला. म्हणजे जे पक्षी शेतकऱ्याचं काम फुकटात करत होते तेच गेले. अर्जेंटिनाने आधी त्या पिकांवर आणि मग सगळीकडेच त्यावर बंदी घातली.

आपल्याकडे २००५ मध्ये फक्त भाजीपाल्यावर बंदी आली. कापसावर चालूच राहिलं. २०१३ मध्ये बिहारची लेकरं. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यांच्या फवाऱ्यांत अनेक औषधं होती, त्यात मोनोचं नाव पुन्हा आलं. मग २०२३ मध्ये त्याच्या ३६ टक्क्यांच्या द्रावणावर, म्हणजे दुकानात मिळायचं त्यावर, केंद्राने बंदी आणली.

आमच्या पिढीने हे याआधीही बघितलंय. लहानपणी मलेरियावाले घरोघर डीडीटी फवारून दारावर तारीख टाकून जायचे. तरुणपणी विषाला दुसरं नावच नव्हतं, सगळं 'एन्ड्रीन'! त्यावर १९९० मध्ये बंदी आली, डीडीटीवर शेतीपुरती १९८९ मध्ये. आणि डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होतात, आईच्या वजनानेच फुटतात, हे इंग्लंडमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्येच दाखवून दिलं होतं. गिधाडांचंही तसंच. गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने ती मरतात, हे कळलं २००४ मध्ये, म्हणजे माझं घुबड मेलं त्याच वर्षी. २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद झालं. तोवर आमच्या गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागी एकही गिधाड उरलं नव्हतं.

प्रत्येक वेळी साखळीच्या टोकाला बसलेला पक्षी आधी मेला. त्याच्याशी कुणाचं वैर नव्हतं. त्याच्यासाठी विष कुणी ठेवलंच नव्हतं. मी वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढले आणि पोरांना सांगितलं की या बाणाने अन्न पुढे जातं. त्याच बाणाने विषही पुढे जातं, हे मात्र कधी सांगितलं नाही. आणि त्या चित्रात तांदळाचं पोतं आणि खडू हातात घेतलेला गुरुजी काढायचाही राहून गेला.

असो. हे सगळं ऐकून पुतण्या गप्प बसला. मग म्हणाला, "काका, घुबडाचं समदं खरं हाय. पन माझी पोती कोन भरून देनार?"

त्याचा प्रश्न बरोबर आहे. मला पेन्शन आहे, त्याला नाही. ज्याचं धान्य उंदीर खातो त्याला नुसतं घुबडाचं कौतुक सांगून भागत नाही. म्हणून आम्ही दोघांनी बसून ठरवलं. पोती जमिनीवरून उचलून लाकडी फळ्यांवर ठेवायची, भिंतीपासून हातभर सोडून. दाराच्या खालच्या फटीला पत्रा मारायचा. पिंजरे लावायचे, चार तरी. एवढं करूनही भागलं नाही आणि वडी ठेवावीच लागली, तर ती झाकलेल्या डब्यात ठेवायची, आणि पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी मेलेले, अर्धमेले उंदीर गोळा करून खोल पुरायचे. उकिरड्यावर फेकायचे नाहीत. पुडा धान्याच्या खोलीत ठेवायचा नाही. शेतात हरभऱ्यात इंग्रजी टी सारखे पक्षीथांबे लावायचे, कृषी विद्यापीठवाले अळीसाठी सांगतातच. दिवसा त्यावर कोतवाल बसेल, रात्री कदाचित घुबडही बसेल. मलेशियात तेलताडाच्या मळ्यांत आणि इस्रायलमध्ये शेतांत गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या टांगतात, हे त्याला सांगितलं तर हसला. "घुबडाला घर बांधून द्यायचं? गाव काय म्हनंल?" पण जाताना पेटीचं माप विचारून गेला. वड्या घेतल्या की नाही हे मी विचारलं नाही. पिंजरे घेतले, एवढं त्याने फोनवर सांगितलं.

आता एकच राहिलं. ती चौथीतली मुलगी आज तिशीच्या पुढे असेल. कुठे असते ठाऊक नाही, कदाचित तिचंच लेकरू आता अन्नसाखळी शिकत असेल. हे तिच्या वाचनात येईल असं वाटत नाही. पण गुरुजीने चुकीचं उत्तर दिलं असेल तर ते दुरुस्त करायला हवं, उशीर झाला तरी.

होय बाई, ते फळ्यावरचंच होतं. आणि ते म्हातारं झालेलं नव्हतं.